भुयारात शिरलेला दुसरा

छोट्या,

आईला घेऊन मावशीकडे जातेय. बेल वाजली तरी पुढचं दार उघडू नकोस, मागच्या जिन्याने तडक निघून ये.

तू लॅपटॉपवर टाकलेला भुयाराचा खेळ दुपारी खेळत होते. बाबांच्या जुन्या डॉसवाल्या कॉम्प्युटरवर भुयारात आपण एकटेच असायचो. लोकांनी मिळून बनवलेल्या या फुकटच्या नव्या आवृत्तीत मात्र घरच्या वायफायवरून दुसराही आत शिरू शकतो. आज एक जण शिरला. भुयारातल्या प्रत्येक खोलीत आला, की मागचं दार लावून घ्यायचा आणि गप्प उभा राहायचा. बाबा अगदी तसंच खेळायचे. आईवर हात उचलायच्या आधीही अस्संच दार लावायचे.

ते घर सोडून गेल्यावर वायफायचा पासवर्ड बदलायचा राहूनच गेला रे. आपलं वायफाय पुढच्या जिन्यापलीकडे पोचत नाही.

ताई