पूर्ण पेन्शनच्या कागदावर माझी सही

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं होत आली, आणि आज शाळेतून आल्यावर पहिल्यांदाच तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण घरात दुसऱ्या कोणाशी हे बोलता येणार नाही. संघटनेचा कागद आला होता. तुमच्या पिढीनंतर नोकरीला लागलेल्या आम्हा सगळ्यांना जुनी पेन्शन पूर्ण द्या, पगारातून कपात न करता, अशी मागणी. बाकीच्यांच्या सह्या झाल्या, माझीच राहिली होती. पेन उघडलं आणि कारंज्याच्या ऑफिसात कारकून म्हणून तुम्ही सांभाळलेलं पेन्शनचं टेबल आठवलं.

नोव्हेंबर लागला की म्हातारी माणसं हयातीचा दाखला द्यायला त्या टेबलासमोर रांग लावत. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सही करून सांगायचं, मगच पुढची पेन्शन सुरू. ज्यांना येणं जमत नसे त्यांच्या घरी तुम्ही रविवारी सायकलने जात. एकदा मलाही मागे बसवून नेलंत. खाटेवरच्या एका गुरुजींना अंगठा धड उमटवता येत नव्हता. तुम्ही आधी त्यांना जेवण जातं का, झोप लागते का ते विचारत बसलात, कागद नंतर काढलात. मी कंटाळून सारखी घरी चला म्हणत होते.

तुमचा खरा कस मात्र आजी गेली तेव्हा पाहिला. आजोबा मास्तर होते, त्यांच्यामागे तिला पेन्शन मिळे, आणि तिचा दाखला त्याच महिन्यात भरलेला. काका हळूच म्हणाले की आता वर्षभर कोणी विचारत नाही, तेरवीचा खर्च तरी निघू दे. तुम्ही म्हणालात, "माय गेली ना बाप्पा. आता तिच्या नावानं पैसे उचलशीन, तं ते दुसऱ्या कोणाच्या मायचे उचलशीन." तिसऱ्या दिवशी मुंडण केलेल्या डोक्याने तुम्ही ऑफिसला गेलात. सुतक म्हणून आत पाऊल टाकलं नाही, दाराबाहेर उभं राहून पेन्शन बंद करायचा अर्ज शिपायाच्या हाती दिलात. काकांनी चार वर्षं अबोला धरला. तेव्हा मला तुमचाच राग आला होता, आता ऊर भरून येतो.

पुढे मी शिक्षिका झाले, नव्या पेन्शनसाठी पगारातून कपात सुरू झाली, आणि एकदा पोळ्या लाटता लाटता तुमच्यावर भडकले. तुमची पिढी पोटभर जेवून उठली आणि आमच्यासाठी खरकटी भांडी ठेवली, असं काहीबाही बोलले. तुम्ही जेवत होता. हात थांबवून विचारलंत, "किती पोरं हायेत तुह्या वर्गात?" मी म्हणाले, नऊ.

"मी शाळेत होतो तवा माह्या वर्गात साठ होते. पेन्शनचा पैसा भरणारे कमी झाले, अन् आम्ही म्हातारे जगून राह्यलो. जगतो हे चांगलंच हाय. पण सारा भार तुमच्यावरच काऊन? आमची दरसालची वाढ थोडी कमी केली, तं मले चालन."

हेच तुम्ही पेन्शनरांच्या बैठकीतही बोलून आलात. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं ठरलं, आणि सकाळी फिरायला कोणी सोबत घेईना. तुम्ही एकटेच हायवेपर्यंत जाऊन येत होता, पण शब्द मागे घेतला नाही. इतका धीट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता आमच्या अख्ख्या शाळेत चौदा मुलं आहेत. माझे गुडघे कुरकुरतात, एकुलता एक मुलगा पुण्यात, आणि म्हातारपणाची मला सरळसरळ भीती वाटते. कागदाखाली दोन ओळींची जागा होती. पुढच्या पोरांवर सगळा बोजा नको, आम्ही थोडं कमी घेऊ, एवढं लिहिता आलं असतं. मी नुसती सही केली आणि कागद पुढे सरकवला. तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं, बाबा. तुम्ही मला समजून घेतलं असतं, आणि तेच मला सोसलं नसतं.