गिटारची मान

ती. ताईस, वाकून नमस्कार. (पाठ अजून वाकते, ही पहिली खुशखबर.)

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. हॉटेलवाल्यांनी आम्हा वादकांना हात असलेल्या खुर्च्या दिल्या. माणूस ऐसपैस बसतो, पण बास गिटार कुठे बसणार? महिनाभर ती मांडीवर आडवी टाकून, पोक काढून वाजवली. डावं मनगट मुडपून बोटांना मुंग्या येऊ लागल्या. काळजी करू नकोस, पण एकदा हातातून चमचा पडला, तेव्हा वाटलं, आता पोटापाण्याचं कसं?

आमच्या ड्रमवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, गिटार वाजवताय की बाळ झोपवताय? मान वर करा तिची! आणि बसलात तरी पट्टा गळ्यात राहू द्या."

आता बिनहाताचं स्टूल, दोन्ही पाय जमिनीवर, पट्टा आखूड आणि गिटारची मान खांद्याच्या उंचीला. मनगट सरळ राहतं. मुंग्या पळाल्या, नोकरी राहिली.

भाऊजींचा गुडघा काय म्हणतो?

आणि ताई, शिलाई मशीनसाठी तू सुताराकडून मापाचं स्टूल करून घेतलंस, तेव्हा मी चारचौघांत तुला 'महाराणी' म्हणालो होतो. माझं चुकलं.

तुझा,
धाकटा