साठ दिल्या, चौसष्ट आल्या

ती. आत्यास,

भाचीचा साष्टांग नमस्कार (माझे गुडघे अजून शाबूत आहेत, म्हणून अक्षरशः साष्टांग). तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ती ठणठणीत असल्याचं तू आमच्या मार्गदर्शक मॅडमच्या फॉर्मवर तीनदा लिहिलं आहेस, एकदा तर समासात.

मी इथे बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, पण मी बरी नाही. अगं, वैद्यकीय संशोधन शिकायचं म्हणून चार वर्षं रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवली, ‘डॉक्टर नाही गं, संशोधक’ हे घरोघरी समजावता समजावता घसा बसला, आणि शेवटच्या प्रकल्पासाठी गुडघेदुखीची वीस माणसं कशीबशी गोळा केली. वीस म्हणजे वीसच. एकोणीस झाली की अभ्यास बाद, आणि पुढची संशोधनाची जागाही गेली. विसावी तू. तुला साठ गोळ्यांची बाटली दिली, रोज दोन, महिन्याने बाटली परत. परत आलेल्या बाटल्यांत किती उरल्या ते आम्ही मोजतो (कोणी किती चुकवल्या ते कळावं म्हणून). कोणाच्या चार उरल्या, कोणाच्या सहा. तुझ्या चौसष्ट भरल्या. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा मोजल्या, मग मला मोजायला लावल्या.

काकांना फोन केला तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हा तुझा बाणा मला माहीत आहे, पण आत्या, औषधाची बाटलीसुद्धा? आणि तीही स्वतःच्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी, काठोकाठ! बरं, आमच्या गोळ्या तरी तू खाल्ल्यास का? छे! ‘भाचीच्या हातचं औषध’ म्हणून शेजारच्या तिघींना वाटून टाकल्यास. आता त्यातली एक धडाधड जिना चढते, दुसरी मांडी घालून बसते आणि तिसरीने मला फोन करून आणखी एक बाटली मागितली. मी डोक्याला हात लावला.

मी रागावले नाही. (रागावले होते. हे तिसरं पत्र आहे, पहिली दोन फाडली.) मॅडम म्हणतात, कोणी किती खाल्ल्या हे तू खरंखरं लिहून दिलंस, तर तसंच नोंदवून अभ्यास वाचवता येईल. तेव्हा लाजबीज न बाळगता लिही. माझं सगळं त्या एका कागदावर अडलंय गं.

तुझी (सध्या तरी) संशोधक भाची

ता. क. बाहेरच्या बायकांनी गोळ्या खाल्ल्या, म्हणून नियमाप्रमाणे तुझ्या बाटलीचं गुप्त पाकीट उघडावं लागलं. काही बाटल्यांत खरं औषध असतं, काहींत नुसती साखर, आणि कशात काय ते मलाही ठाऊक नसतं. तुझ्या बाटलीत साखर होती. जिना चढणारीला हे मॅडमच सांगतील, तू मध्ये पडू नकोस.

आणखी एक ता. क. काका म्हणाले, अडीअडचणीला म्हणून वीस गोळ्या तू डब्यात काढून ठेवल्या आहेस. त्या मोजून लगेच पाठव. सोमवारी माझी तोंडी परीक्षा आहे आणि आत्तापासूनच हातपाय गार पडलेत. त्यातल्या चार वेगळ्या पुडीत बांध, माझ्यासाठी. मॅडमना सोळाच सांगू.