पंकजने लग्न नाही, फक्त जेवण थांबवलं

श्रीरामपूर,
रविवार दुपार (घरातले सगळे झोपलेत म्हणून लिहायला जमतंय)

आदरणीय कलाअक्कास,
धाकट्या महेंद्रचा सविनय जय भीम.

दाजींनाही जय भीम सांग. त्यांच्या डोळ्याची पट्टी निघाली का, आणि निघाल्यावर समोर तू दिसलीस तेव्हा ते काय म्हणाले, ते कळव. इकडे मी, सीमा आणि पंकज ठीक आहोत. शुभांगी नेवाशाला सासरी सुखात आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मागच्या वेळी मी नुसतं "हॅलो" म्हणालो, त्यानंतर थेट "ठेवते" ऐकलं. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून हा खटाटोप.

नेवाशाच्या कुणीतरी तुला सांगितलं म्हणे, की पंकजने भर मांडवात बहिणीचं लग्न थांबवलं. हे साफ खोटं आहे. लग्न वेळेत लागलं. थांबलं ते जेवण. तू दाजींच्या ऑपरेशनमुळे येऊ शकली नाहीस, त्यामुळे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मुळात दोष शिबिराचा. शाळा संपल्यापासून पंकज घरीच होता, टीव्हीसमोर फरसाणाची पुडी घेऊन. इथल्या एका संस्थेने दिव्यांग तरुणांसाठी आरोग्याचं शिबिर घेतलं, तिथं सीमाने त्याचं नाव घातलं. दात कसे घासायचे, हात कसे धुवायचे, गोड-तेलकट किती खायचं, रोज चालायचं, तंबाखूला हात लावायचा नाही, आणि नको असेल ते कुणीही सांगितलं तरी "नको" म्हणायचं, असं सगळं राजनंदिनी मॅडमनी शिकवलं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला 'आरोग्यमित्र' लिहिलेला हिरवा पट्टा दिला. बाकीच्या पोरांनी तो घरी नेऊन खुंटीला लावला. आमच्या चिरंजीवांनी खांद्यावरून घातला तो अजून उतरवलेला नाही (अंघोळीच्या वेळी दारावर टाकतो आणि आतून "पट्टा हाय का?" विचारत राहतो).

त्या दिवसापासून या घरात माझं काही चालत नाही. माझ्या रक्तात साखर आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं, पण ती डब्यातून तिथे जाते, हे त्याला शिबिरात कळलं. दुसऱ्या दिवशी डबा गायब. पहाटे मला उठवून फिरायला नेतो. मी दम लागल्याचं सांगून चहाच्या टपरीवर बसलो, तर याने टपरीवाल्याला "यांना बिनसाखरेचा" म्हणून सांगितलं, आणि तो माणूस आता न विचारताच तसा चहा देतो. मग मी दुसरी टपरी धरली. तिथेही तेच झालं. आता साखरेच्या चहासाठी मला एस.टी. स्टँडच्या पार पलीकडे जावं लागतं, म्हणजे माझं चालणं आपोआप दुप्पट झालंय. डॉक्टर म्हणाले, "प्रगती आहे." मी मान डोलावली.

असो. लग्नाकडे येतो. अक्का, लग्नाआधी तू फोनवर सुचवलं होतंस, की पंकजला त्या दिवशी शेजाऱ्यांकडे ठेवा, नवी सोयरीक आहे, लोकं बघतील. तू काळजीपोटी बोललीस हे मला कळतं. सीमाला नाही कळलं, ती दोन दिवस माझ्याशी (तुझ्याशी बोलता येत नव्हतं म्हणून) बोलली नाही. शुभांगीने मात्र सरळ सांगितलं, पंकज नसेल तर मीबी न्हाई. तेव्हा पंकज पांढरा सदरा, वर हिरवा पट्टा असा सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर.

नवरदेवाचे मामा, बन्सीमामा, पहिल्या रांगेत मधोमध बसले होते. मोठा माणूस, नेवाशात त्यांना विचारल्याशिवाय कुणाच्या घरी पाहुणे येत नाहीत. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील सुरू केलं. सगळे उभे राहून म्हणतायत आणि बन्सीमामांच्या तोंडातून नुसतं "म्म्म, म्म्म" येतंय, कारण गालात तंबाखूचा बार. पाचवं शील नशापाण्यापासून दूर राहण्याचं, हे तुला मी सांगायला नको. ते म्हणून झालं आणि पंकज जागचा हलला. बाहेरून रंगाचा रिकामा डबा घेऊन आला, बन्सीमामांच्या पुढ्यात धरला आणि म्हणाला, "थुंका."

बन्सीमामांनी मानेने "काही नाही" असं सांगितलं. पंकज डबा धरून उभाच. तो घाई करत नाही, अक्का, हीच त्याची ताकद आहे. शेवटी अब्रू वाचवायला बन्सीमामांनी सगळा बार गिळला. पंकजने त्यांचं तोंड उघडायला लावून तपासलं, आणि परत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. पुढे वधू-वरांनी प्रतिज्ञा घेतल्या त्या बन्सीमामांच्या उचक्यांवर. "मी माझ्या पत्नीचा" उचकी "सन्मान करीन" उचकी. आमचे जावई कल्याणराव भले गृहस्थ, एकदाही हसले नाहीत. फक्त "सन्मान" हा शब्द त्यांना तीनदा म्हणावा लागला.

लग्न लागलं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ओरडा आला की जेवायला कुणाला आत जाता येत नाहीये. जाऊन बघतो तर जेवणाच्या दालनाला एकच दार, आणि दारात पंकज. एका बाजूला नळ, नळावर साबण. हात धुतल्याशिवाय प्रवेश नाही. मी कंडक्टर म्हणून तीस वर्षं एस.टी.चा दरवाजा सांभाळला, पण अशी रांग मला कधी लावता आली नाही. पाणी लावून झटकणाऱ्यांना तो परत पाठवत होता, "बोटांच्या मधी. आता अंगठा." आमची माणसं मुकाट धूत होती. मग बन्सीमामा आले.

"मला हात धुवायला लावतो व्हय?" ते म्हणाले. (मध्ये उचकी.) "आमी काय घाण हाय का? चला रे, आपल्याला न्हाई जेवायचं हितं."

"मग नका जेवू," पंकज म्हणाला.

नवऱ्याकडची माणसं एकेक करून बन्सीमामांच्या मागे उभी राहायला लागली. शुभांगीचा संसार सुरू व्हायच्या आधीच रुसवा. मी पंकजला बाजूला घेतलं, पट्ट्याला हात घातला आणि म्हणालो, "बाळा, आजच्या दिवस राहू दे."

त्याने माझा हात पट्ट्यावरून काढला. रागाने नाही, सावकाश. म्हणाला, "नको. ताई त्यांच्यातच ऱ्हाणार ना आता? त्यांचे हात घाण असले तर ताई आजारी पडंल. मग तिथं मी न्हाई."

आम्ही हुंडा-मानपान सगळ्याचा विचार केला होता. ती तिकडे आजारी पडली तर काय, हा विचार त्या हॉलमध्ये एकट्या पंकजने केला होता. मी हात खाली घेतला आणि बाजूला उभा राहिलो.

तेवढ्यात स्टेजवरून शुभांगी उतरली. जड साडी सावरत आली, रांगेत उभी राहिली आणि मेंदीच्या हाताला साबण लावला. तिच्या मागे कल्याणराव आले. त्यांनी नवरदेव असल्याच्या जोरावर थोडक्यात आटपलं, तर पंकजने त्यांनाही परत पाठवलं. मग नवरदेवाच्या आई, रतनबाई, इतका वेळ लांबून बघत होत्या, त्या पुढे आल्या. स्वतः हात धुतले, साबण उचलला आणि भावाच्या हातावर ठेवला. "धू बन्सी. आईनं सांगून ऐकलं न्हाईस, आता ह्याचं तरी ऐक."

बन्सीमामांनी धुतले. अंगठ्यासकट. पंकजने नीट बघितले, मग त्यांना खुर्चीवर बसवलं, तांब्याभर पाणी आणून दिलं, "हळू प्या, घोट-घोट." उचकी थांबली. बन्सीमामा त्याला म्हणाले, "माज्या शेजारी जेवायला बस." पंकज बसला. दोघांनी मिळून पहिल्या पंगतीत एकही जिलबी घेतली नाही. (बन्सीमामांची नजर मी बघितली, त्यांना हवी होती.)

तेव्हापासून बन्सीमामा रोज संध्याकाळी फोन करतात. आम्हाला नाही, पंकजला. आज तंबाखू खाल्ली की नाही, ते सांगायला. खाल्ली असेल तर फोन लांबतो. परवा मी नेवाशाला लेकीला भेटायला एकटाच गेलो, तर दारातच रतनबाईंनी विचारलं, "पंकज कुठंय?" तो आला नाही म्हटल्यावर मला पाणी सुद्धा जरा उशिरा मिळालं.

लिहायचं बरंच आहे, पण आत चाहूल लागतेय. दाजींची काळजी घे.

तुझा धाकटा,
महेंद्र

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. मला आठ दिवस तुझ्याकडे यायचंय. कारण विचारू नकोस. तुमच्या राजूरचे पेढे आणून ठेव आणि चहात साखर माझ्या हाताने घालू दे. घरी मी दाजींच्या डोळ्याचं कारण सांगितलंय.

दुसरा ता. क. : बन्सीमामांचा आत्ताच फोन आला, माझ्यासाठी. हळू आवाजात बोलत होते. तेही येतो म्हणतायत. त्यांनाही आठ दिवस निवांतपणा हवाय.

तिसरा ता. क. : पंकज जागा झाला. त्याला आम्ही निघालोय हे कळलं आणि त्याने स्वतःची पिशवी भरली. मी खूप समजावलं, तो "नको" म्हणाला. तेव्हा पेढ्यांचं राहू दे. मंगळवारच्या गाडीने तो एकटाच येतोय, बन्सीमामा आणि मी इथेच थांबतो, निवांतपणा आता इथेच मिळेल. त्याला राजूरचा बाजार बघायचाय, आणि बाजारात आत्याच्या बरोबरच जायचं असं त्याने ठरवलंय. भर बाजारात, मधल्या रस्त्याने ने, अक्का. भेटेल त्याला हा माझा भाचा म्हणून सांग. पुढचं तो बघून घेईल.