गुरुवारचा अकराचा फोन

तनया,

आज गुरुवार, दहाला वीज जाईल. नव्या जोडणीचा आपला फोन विजेशिवाय चालत नाही, म्हणून त्याची पांढरी डबी मी बॅटरीवर लावली आहे. तिथे तुझा मोबाइल लावू नकोस. बॅटरी जेमतेम दोन तास टिकते.

अकराला अमरावतीहून आजींचा फोन येईल. त्यांना हाच नंबर पाठ आहे. गेल्या गुरुवारी लागला नाही, तर दिवसभर जेवल्या नाहीत, असं मामा सांगत होता. आई गेल्याचं त्यांना सांगायचं धैर्य मला अजून होत नाही. नेहमीसारखी आईच्या आवाजात बोल.

मी बाहेर जातोय. काम काही नाही. मागच्याच्या मागच्या गुरुवारी तू आईच्या आवाजात बोलत होतीस आणि मी आतून ओरडलो, "श्यामला, आईंना माझाही नमस्कार सांग." ते आजींना ऐकवायला म्हणून नव्हतं.

बारानंतर येतो.

बाबा