फोनवरचं दार

४ मार्च २०२२
आलो एकदाचा बुऱ्हाणपूरला. उतरल्या उतरल्या मावा जिलेबी हाणली. वामनशेठांनी केळी पिकवायच्या चार चेंबरवर सुपरवायझर नेमलंय. गार, बंद खोल्या. आत गॅस सोडला की चार-पाच दिवसांत हिरवा माल पिवळाधमक. गेल्याच महिन्यात सगळं इंटरनेटला जोडलं. गॅस, पंखे, कॅमेरे, दाराचं कुलूप, सगळं फोनवर. शेठ इंदोरला बसून दार लावतात. पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलाय, कुणी विसरायला नको म्हणून. मला हसू आवरेना. हाताखाली कौतिक नावाचा जुना गडी आहे. भल्या माणसाने चहासुद्धा विचारला नाही.

९ मार्च
दोन नंबरच्या चेंबरमधला माल नासला. गॅस कुणीतरी वाढवलेला. मी नाही, शेठ नाहीत, मग उरला कौतिक. विचारलं तर म्हणे, मला काय पागल कुत्रं चावलं का. वर मलाच सांगतो, आत जाताना दारात क्रेट अडकवत जा, नव्या कुलपाला आतून कडीच नाही. म्हणजे गारवा हाच घालवतो. माझी पहिलीच नोकरी, ती खायला टपलाय मेला.

१२ मार्च
पुन्हा तेच. पंखे बंद, गॅस चालू. शेठना कौतिकचं नाव सांगून टाकलं. त्यांनी आजच काढलं त्याला. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. वाईट वाटलं, पण सुटलो.

१४ मार्च
कौतिक नाही, तरी तीन नंबरचे पंखे बंद. आवारात मी एकटा. खडू पुसला. ही यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीला म्हटलं पासवर्ड बदला. तिथला पोरगा म्हणतो, बदलता येत नाही, सगळ्या गिऱ्हाइकांना एकच दिलाय.
मग कोण? कुठून?
मी जाईन तिकडे कॅमेरा वळतोय. मी वळवत नाहीये.

१५ मार्च, दुपार
फोनवर गॅस शून्य, पण दाराशी वास. बघायला आत आलो. क्रेट नाही लावला, कौतिकची रीत मी कशाला उचलू— दार मागे लागलं.
फोनवरून उघडलं. फोन उघडलं म्हणतोय. दार हलत नाही.
शेठ चिडले. माझ्या फोनवर दार उघडं दिसतंय, बाहेर ये की, थट्टा करतोस का म्हणाले. ठेवला. आता उचलत नाहीत.
पंखे थांबले. गॅस सुटल्याचा आवाज— डोकं जड—
डायरी खिशात होती म्हणून लिहितोय—
कौतिकचं घर पलीकडच्या गल्लीत. त्याला लावला. कापला. पुन्हा कापला.
कौतिकभाऊ, शिव्या दे, पण उचल. तीन नंबरात मी—