निळ्या उजेडातला डाग

आई, तुझी धाकटी आतल्या खोलीत झोपली आहे. दुपारी तिला मीच तपासलं. तिच्या घशातून दुर्बीण खाली उतरवली, पडद्यावर जे दिसायचं ते पाहिलं, आणि घरी येऊन तिला निजवून तुला लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या नगरचं नावसुद्धा बदललं, आणि तू ज्या दवाखान्यात मावशी म्हणून राबलीस तिथं आता लोक गाड्या लावतात. पण आज सांगावं असं दुसरं कुणी नाही.

तुझी तपासणी झाली तो दिवस मला काल झाल्यासारखा आठवतो. मी तेव्हा डॉक्टरकी शिकायला नुकती लागले होते, सुट्टीत तुझ्याबरोबर दवाखान्यात यायचे. मोठ्या डॉक्टरांकडे ती काळी नळी होती. आत केसासारखे काचेचे तंतू आणि वरच्या टोकाला भिंग. त्याला एक डोळा लावून पाहायचं, एका वेळी एकानेच. तपासणी असली की पेशंटचं डोकं धरून तू उभी. एकदा मी गार हातांनी एका म्हातारीचा खांदा धरला, तर तू सगळ्यांदेखत मला झापलंस, "आधी हात चोळ. घाबरल्याली हाय ती, आन तू बर्फ लावती व्हय?" त्या दिवशी मात्र टेबलावर तू होतीस. घास छातीत अडतो म्हणून तू भाकरी चहात बुडवून खात होतीस आणि कुणाला बोलली नव्हतीस. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं, मग मलाही भिंगाला डोळा लावू दिला. जाळीतून बघावं तसं काहीतरी गुलाबी, धूसर. तुटलेल्या तंतूंचे काळे ठिपके मधे मधे. "थोडी सूज आहे," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तेवढंच दिसत होतं. थंडी सरायच्या आत तुला पाणीही गिळवेना, आणि मग तू गेलीस.

मी हीच विद्या धरली ती त्या काळ्या ठिपक्यांपायी. आई, आताची दुर्बीण तू पाहायला हवी होतीस. टोकाला बारीकसा कॅमेरा असतो आणि अन्ननलिकेची सुरकुतीन् सुरकुती भिंतीवरच्या पडद्यावर दिसते. एक बटण दाबलं की पांढरा उजेड जाऊन निळसर उजेड येतो. त्यात बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात, आणि साध्या उजेडात निरोगी वाटणारी जागा बिघडलेली असेल तर तपकिरी होते. असे डाग मी कितीतरी जणांचे वेळेत पकडले. इथं संगमनेरात बाजारात बायका मला थांबवतात, लेकरांना पाया पडायला लावतात.

आणि धाकटी खर्ड्याहून आली. नवरा गेल्यापासून शिवणकामावर तिचं चाललंय. "ताई, भाकरी इथं थांबती गं," छातीवर बोट ठेवून म्हणाली. माझे हात त्याच क्षणी गार पडले. तिचे दात मिश्रीने काळे झालेले. तू तव्यावर तंबाखू भाजायचीस, घरभर ठसका उठायचा, आणि ती तुझ्या मांडीशी बसून तुझ्यासारखंच बोट दातांवर फिरवायची. आई, मी तुझ्यावर चिडले. मेलेल्या माणसावर चिडून काय होतं?

निळ्या उजेडात तिचा डाग दिसला. लहान वाटला. तो आतूनच, दुर्बिणीतूनच सोलून काढता येईल या आशेवर मी तिला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी अस्तराखाली पाणी सोडलं. बाकीची जागा फुगून वर आली, मधली काही उचलेना. खाली रुजलेली होती. मग ऑपरेशनचं निघालं. ती ऐकेना. "मला चिरून घालवू नका. माझं शिवायचं काम हाय, मला फाटल्यालं कळतं." मी हात जोडले, भांडले, जेवण टाकलं. शेवटी विजेचा शेक आणि सलाइनमधून औषध, एवढ्याला ती राजी झाली. केस गेले, घसा आतून सोलून निघाला, पण नंतर ती मऊ खिचडी खायला लागली. एकदा तर इतकी हसली की मला वाटलं, जिंकलो आपण.

आज पुन्हा तपासायचं होतं. "परक्याचा हात नको, तूच कर," म्हणाली. झोपेचं इंजेक्शनही नको, नुसता घशात फवारा. पांढऱ्या उजेडात जुना व्रण स्वच्छ दिसला. माझा श्वास सुटला. मग मी बटण दाबलं. व्रणाच्या खाली तपकिरी कडं, सगळ्या बाजूंनी, आणि पुढं वाट इतकी अरुंद की दुर्बीण जाईना. सकाळी इथं काढून पुण्याला पाठवलेल्या स्कॅनमध्ये यकृतावरही गाठी दिसताहेत, आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असं नळी काढल्यावर तिथून फोनवर कळलं.

तपासणीभर ती कुशीवर पडून पडद्याकडेच बघत होती. मी फोन ठेवल्यावर तोंड पुसून तिनं विचारलं, "ते चॉकलेटी दिसलं, त्येच ना?"

"हो."

"परत आलं?"

"हो गं. लांबवर गेलंय." फोनवरचंही तिला सांगितलं. "आत जाळीची नळी बसवता येईल."

"त्यानं बरी हुईन?"

"नाही. घास उतरेल."

ती म्हणाली, "मग बसव. कालवणात भाकरी कुस्करून एकदा तरी खाऊ दे."

उद्या बसवणार आहे. माझेच हात असतील. आधी ते चोळून घेईन, आई. देवापुढं बसले, तर मागायचं काय तेच सुचेना.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही. तिला माझे सगळे खण ठाऊक आहेत, लपवलेलं ती बरोबर काढते. लिहून झालं की फाडेन. तिला मी आज सगळं खरं सांगितलं, एवढं सोडून, की ते बटण दाबायच्या आधी माझं बोट थांबलं होतं. न दाबताच नळी बाहेर काढावी आणि तिला घरी न्यावी, असं मला फार वाटलं.